चार एकर आणि एक प्लॉट

दिवाळीच्या दिवसांत हिशेबाच्या गोष्टी काढू नयेत, असा आमच्या घरातला जुना दंडक आहे. लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा करावी, तिच्यावर हळदकुंकू वाहावे, पण ती उघडून आतले आकडे वाचू नयेत. त्याने फराळाची चव जाते, असे आमच्या मातुःश्रींचे म्हणणे होते. तरीही ह्या खेपेस ह्या सदराच्या वाचकांपुढे मी एक हिशेबच मांडणार आहे. गेल्या वसुबारसेपासून तो माझ्या डोक्यात घोळतो आहे, आणि चकली कितीही खुसखुशीत झाली तरी तो मिटत नाही. तेव्हा एकदाचा तो मांडून मोकळे झालेले बरे.

आमचे घर नागपूरच्या महालात. बडकस चौकाच्या आतल्या अंगाला जे बोळ आहेत, त्यांतल्या एकात. जुन्या वाड्याची ओसरी आम्ही अजून राखून आहोत. बाकीचा वाडा भावाभावांत वाटला गेला. ह्या ओसरीवर माझ्या लहानपणापासून एक गृहस्थ दर वसुबारसेला येत आले आहेत. ते शिवणगावचे दूधवाले. सायकलला दोन्ही बाजूंना कॅन बांधून रोज पहाटे ते महालात रतीब घालीत. आमच्याकडे गाईचेच दूध, आणि वसुबारसेला गाईचे दूध घ्यायचे नाही, म्हणून वर्षातून तेवढा एक दिवस रतीब बंद. पण बुवा त्या दिवशीही यायचेच. दूध नाही, घाई नाही. म्हणून सायकल भिंतीला टेकवून निवांत ओसरीवर बसायचे. येताना आपल्या वावरातल्या गवारीच्या शेंगा आणायचे. त्या दिवशीच्या बाजरीच्या भाकरीबरोबर ती गवार आमच्या घरी शिजायची. आई त्यांना चहा आणि नवे धोतर द्यायची. हा व्यवहार कोणत्याही वहीत लिहिलेला नव्हता.

शिवणगाव म्हणजे आमच्या सोनेगावच्या विमानतळाला अगदी लागून असलेले गाव. बुवांचे चार एकर वावर तिथेच होते. विमानतळाची जमीन आणि त्यांची जमीन ह्यांच्यात काय ती एक पांदण. 'होते' असे मी म्हणतो, कारण आता ते नाही. विमानतळाच्या विस्तारात गेले.

ज्या विमानतळाने हे वावर घेतले, त्याचा आम्हा महालवाल्यांना एके काळी केवढा अभिमान होता! युद्धाच्या काळात इंग्रजांनी वापरलेली ती धावपट्टी. पण तिची खरी कीर्ती झाली ती १९४९ साली, रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास ह्या चार शहरांतून संध्याकाळनंतर चार विमाने उडत. मध्यरात्रीच्या सुमारास चारही नागपूरला उतरत, एकमेकांच्या टपालाची पोती आणि उतारू अदलून-बदलून घेत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत जात. मुंबईत संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात मिळे, ते नागपूरच्या जिवावर. सारा देश झोपलेला असे आणि आमचे नागपूर जागे राहून त्याची पत्रे वाटीत असे. १९७३ पर्यंत हे चालले. वडील सांगत की, आमच्या आळीतली मंडळी हिवाळ्यात घोंगड्या पांघरून सायकलींवरून सोनेगावला केवळ विमाने बघायला जात. ह्याच सेवेतले एक डकोटा विमान १९५३ च्या डिसेंबरात सोनेगावहून उडताच कोसळले होते, त्याची आठवणही जुन्या माणसांत बरीच वर्षे निघायची. विमानतळाभोवती मोकळे रान का राहू द्यावे, ह्याचा धडा त्या पिढीला कुठल्या नियमाच्या पुस्तकातून शिकावा लागला नाही.

नागपूर देशाच्या मध्यभागी आहे, सीताबर्डीजवळ शून्य मैलाचा दगड आहे, तेव्हा देशाचा सारा माल इथेच येऊन इथूनच चहूकडे जावा, ही कल्पना मूळची त्या टपालाच्या विमानांची. तीच पुढे मोठी होऊन आली, आणि तिचे नाव पडले 'मिहान'. २००२ साली राज्य शासनाने त्यासाठी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी काढली. विमानतळ मोठा करायचा, दुसरी धावपट्टी बांधायची, मालवाहतुकीचे केंद्र उभारायचे आणि त्याला लागून विशेष आर्थिक क्षेत्र वसवायचे, असा तो संकल्प होता. जमीन लागणार होती चार हजार हेक्टरांच्या घरात. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही ही गावे त्या नकाशात आली. नकाशावर गावे फार लहान दिसतात. बोटाच्या एका पेराखाली तीन गावे झाकली जातात.

आता दुसरी बाजू सांगितली नाही तर अन्याय होईल. मिहानमध्ये काही झालेच नाही, असे म्हणणारा माणूस वर्धा रोडने कधी गेलेला नसावा. बोइंगने एअर इंडियासाठी बांधलेले विमानदुरुस्तीचे केंद्र २०१५ पासून तिथे आहे. संगणकाच्या मोठ्या कंपन्यांनी आवारे बांधली. २०१९ साली खापरीपर्यंत मेट्रो आली. २०२२ साली भारतीय व्यवस्थापन संस्थेच्या नव्या वास्तूचे आणि एम्स रुग्णालयाचे उद्घाटन झाले. त्या एम्समध्ये आमच्या आळीतल्या दोघांवर चांगले उपचार झाले आहेत. माझा पुतण्या तिथल्याच एका कंपनीत नोकरीला आहे. तो पुण्याला गेला असता तर त्याच्या आईबापांना दिवाळीपुरता दिसला असता. आता रोज रात्री जेवायला घरी असतो. विदर्भातली मुले पोटासाठी बाहेर जातात, हे दुःख आम्ही जन्मभर बोलत आलो आहोत. ते दूर करायचे तर कुठेतरी जमीन लागणारच. हवेत कारखाने उभे राहत नाहीत.

पण ज्या धावपट्टीच्या नावाने नांगर सुटले, ती दुसरी धावपट्टी २०२५ साल उजाडले तरी उभी नव्हती. आणि विमानाच्या नावाने घेतलेल्या त्या शिवारात विमानाशी सुतराम संबंध नसलेल्या गोष्टी मात्र उभ्या राहिल्या. बहुमजली घरांची संकुले झाली. २०१६ साली पतंजलीच्या खाद्य उद्यानाला विशेष आर्थिक क्षेत्राबाहेरची सुमारे २३० एकर जमीन एकरी २५ लाखांच्या दराने देण्यात आली. ते उद्यान २०२५ च्या मार्चमध्ये सुरू झाले. रस वाईट नाही, नोकऱ्या वाईट नाहीत. पण 'एकरी २५ लाख' हा आकडा वर्तमानपत्रात छापून आला त्या दिवशी तो शिवणगावच्या पारावर मोठ्याने वाचला गेला. तिथल्या प्रत्येक म्हाताऱ्याला आपल्या एकराला काय मिळाले होते ते तोंडपाठ होते. भांडण होते ते ह्या दोन आकड्यांमधल्या अंतराचे.

गेल्या वसुबारसेला बुवा आले, ते काठी टेकीत, नातवाच्या मोटारसायकलवरून उतरून. हातात गवारीची पिशवी होती. मी सहज म्हणालो, "बुवा, वावर जाऊन इतकी वर्षे झाली, आता ही गवार कुठली?"

"कॉटन मार्केटातली, भाऊ. तुमच्या मायच्या हातची रीत हाये, ते कशी मोडू? इकत घेतो अन् आनतो."

एवढे बोलून त्यांनी दुसऱ्या पिशवीतून कागदांची एक जुनी चवड काढली. घड्यांवर झिजलेली, कडेला तेलाचे डाग पडलेली. त्यांच्या जमिनीच्या संपादनाचा निवाडा होता तो. म्हणाले, "पैसे भेटले, ते कव्हाच सरले. अर्ध्यात घर बांधलं, अर्ध्यात पोरीचं लगन केलं. त्याचं काई म्हननं नाई. पन मरायच्या आदी येक समजून घ्याचं हाये. भाव कोनं ठरवला? माह्या वावराले हा भाव काउन लागला? पोरगं म्हनते, आता काय करता ते उकरून. तुमी वाचून सांगा जी."

मी चष्मा लावला आणि वाचू लागलो. वाचता वाचता माझ्या कपाळावर घाम आला. तो का आला, ते सांगण्यासाठी आधी वाचकांना थोडा कायदा सांगावा लागेल. कंटाळू नये, ह्या कायद्यात आपण सगळे आहोत.

२०१४ उजाडेपर्यंत आपल्याकडे जमीन संपादनाला इंग्रजांचा १८९४ सालचा कायदा चालत असे. सार्वजनिक कामासाठी जमीन पाहिजे, अशी नोटीस सरकारने काढली की त्या दिवशी जमिनीचा जो बाजारभाव असेल तो मालकाला द्यायचा. वर सक्तीने घेतल्याबद्दल दिलासा रक्कम म्हणून १९८४ पासून ३० टक्के. नोटिशीनंतर भाव कितीही चढो, त्याचा मालकाशी संबंध नाही. ऐकायला हे वाजवी वाटते. प्रश्न एवढाच की, नोटिशीच्या दिवशीचा बाजारभाव ठरवायचा कसा? त्यासाठी अधिकारी मुख्यतः एक गोष्ट पाहतो : त्या आसपासच्या जमिनींची नोटिशीच्या आधी झालेली खरेदीखते. खतात जो भाव लिहिलेला, तो बाजारभाव. कागद खोटे बोलत नाहीत, असे कायदा धरून चालतो.

आणि खरेदीखत लिहिताना आपण काय करतो? मध्यमवर्गीय, देवभीरू, दोन वेळा संध्या करणाऱ्या बापाचे आपण मुलगे. आपण काय करतो, हे काय सांगायला पाहिजे? निम्मी रक्कम कागदावर, निम्मी पाकिटात. मुद्रांकाचा खर्च वाचतो, विकणाऱ्याचा कर वाचतो, आणि 'सगळेच करतात' ह्या मंत्राने पापाची शुद्धी होते. मी स्वतः हे केले आहे. १९९६ साली वडिलांनी आणि मी मिळून विमानतळापलीकडच्या बाजूला, शिवणगावच्या शिवाराला लागून पडलेल्या एका लेआउटात एक प्लॉट घेतला. घेतला तेव्हा खतावर लिहिलेली रक्कम दिलेल्या रकमेच्या निम्मीही नव्हती. वडिलांना ते आवडले नव्हते. पण लेआउटवाल्याने 'इथे सगळ्यांचे असेच' म्हटल्यावर ते गप्प बसले. पुढे मिहानची आखणी झाली, तिची रेषा आमच्या प्लॉटाच्या शे-दीडशे पावले अलीकडून गेली. रेषेच्या त्या अंगाला बुवांचे वावर, ह्या अंगाला आमचा प्लॉट. माती तीच, पाऊस तोच. त्यांची जमीन नोटिशीच्या दिवशीच्या भावात गोठली. आमची त्याच विमानतळाच्या कृपेने दरवर्षी चढत गेली. प्लॉट घेतला त्या दिवशी आम्ही घरी बासुंदी केली होती. दूध बुवांचेच होते.

आता वाचकांना माझ्या घामाचे कारण कळले असेल. निवाड्याच्या चौथ्या पानावर, भाव ठरवताना विचारात घेतलेल्या खरेदीखतांची यादी होती. अनुक्रमांक, मौजा, क्षेत्र, खताची तारीख, लिहिलेली किंमत. ती यादी मी बोटाने एकेक ओळ खाली सरकत वाचली. शेजारी बुवा चहा पीत होते. आमचे खत तिच्यात आहे का, एवढेच मी पाहत होतो.

नव्हते. मी सुटकेचा श्वास टाकला. पण तो पुरता टाकून व्हायच्या आतच लक्षात आले की, खत आमचे नसले तरी भाव आमचाच होता. आमच्यासारख्याच कोणी प्लॉट घेतलेला, आमच्यासारखाच निम्मा लिहिलेला. त्या यादीतल्या प्रत्येक ओळीत कोणीतरी सज्जन गृहस्थ चार पैसे वाचवीत बसला होता. आपण त्या वेळी समजत होतो की, फसवतो ते सरकारला. आणि सरकारला फसवणे ह्याला आपल्याकडे अजून कोणी चोरी म्हणत नाही. पण सरकारचे बुडाले ते थोडेफार मुद्रांकाचे. खरे बुडाले ते शेजारच्या वावरवाल्याचे. आपण खतावर जो खोटा आकडा लिहिला, तोच पुढे अधिकाऱ्याने खरा मानून बुवांच्या हातावर ठेवला.

भाव घेणाऱ्यानेच ठरवावा आणि देणाऱ्याने तो निमूट घ्यावा, ही गोष्ट महालाला नवी नाही. तिसरे रघूजी भोसले १८५३ साली वारले, पुढल्या साली डलहौसीने राज्य खालसा केले, आणि मग राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला नेऊन लिलावात मातीमोल भावाने काढले. आमच्या आळीत ती कथा अजून चवीने आणि चिडून सांगतात. दीडशे वर्षांपूर्वीच्या बैलांचे दुःख आम्हांला आहे. बुवांच्या बैलांचे मात्र कोणी विचारले नाही, कारण त्या लिलावात बोली लावणाऱ्यांत आम्हीही होतो.

ह्या निवाड्याविरुद्ध दाद मागता आली असती काय? आली असती. हरकत राखून पैसे घ्यायचे आणि ठरलेल्या मुदतीत वाढीव मोबदल्यासाठी दिवाणी न्यायालयात प्रकरण पाठवण्याचा अर्ज करायचा, अशी तरतूद जुन्या कायद्यातही होती. पण मुदत आठवड्यांत मोजलेली, आणि बुवांचा सारा जन्म लिटरांत मोजलेला. त्यांनी अंगठ्याऐवजी सही केली, एवढाच त्यांना अभिमान. 'हरकत राखून' हे दोन शब्द सहीच्या वर लिहायचे असतात, हे त्यांना कोणी सांगितले नाही. दररोज सकाळी ते ज्या महालात येत होते, त्यात वकिलांची निदान दहा घरे होती. त्यांतली चार त्यांच्याच रतिबाची.

२०१३ साली नवा कायदा झाला आणि १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्यात दिलासा रक्कम १०० टक्के आहे आणि ग्रामीण भागात बाजारभावाला वर गुणकही लागतो. हे चांगले झाले. पण मूळ आकडा अजूनही मुख्यतः कागदावरून येतो. शून्याला कितीने गुणा, शून्यच. आणि निम्म्याला दोनाने गुणले की जेमतेम पूर्ण होते. म्हणजे जो वाढीव मोबदला म्हणून मिरवतो, त्याचा बराच भाग आपल्या खोट्या खतांचे परिमार्जन करण्यातच जातो.

ह्याहून वेगळे काही होऊ शकते, हे महाराष्ट्रानेच दाखवले आहे. १९८४ च्या जानेवारीत नवी मुंबईच्या जमिनींसाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण-पनवेलचे शेतकरी उठले. गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत देण्याची योजना आली. तिकडच्या नव्या विमानतळाच्या वेळी तोच वाटा साडेबावीस टक्क्यांवर गेला, आणि तो विमानतळ २०२५ च्या ऑक्टोबरात उद्घाटन होऊन उभा राहिला. साडेबारा टक्क्यांची हीच मागणी मिहानच्या गावांतही उमटली. पुण्याजवळ मगरपट्ट्यात तर सुमारे सव्वाशे शेतकरी कुटुंबांनी आपली चारशेवर एकर जमीन एकत्र करून स्वतःच नगर वसवले. ज्याची जितकी जमीन तितका त्याचा हिस्सा. तिथे शेतकरी जमीन विकून बाहेर पडला नाही, भागीदार होऊन आत राहिला. सगळीकडे हे जमेल असे नाही. पण 'एकदाच पैसे घे आणि वाटेला लाग' ह्याखेरीज दुसरी रीतच नाही, असे मात्र नाही.

ह्या संदर्भात आमच्या विमानतळाचे ते गाजलेले प्रकरण मला राहून राहून आठवते. विमानतळ चालवायला खासगी कंपनीला द्यायचे ठरले. कंपनीने दरवर्षीच्या एकूण उत्पन्नातला ठराविक वाटा द्यायचा. जीएमआर कंपनीने आधी ५.७६ टक्के देऊ केले, मग वाटाघाटीत ते १४.४९ टक्क्यांवर गेले. २०१९ च्या मार्चमध्ये काम दिले, २०२० च्या मार्चमध्ये रद्द केले. कंपनी उच्च न्यायालयात गेली. नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये ते रद्द करणेच रद्द केले, सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो निकाल कायम ठेवला, आणि २०२४ च्या सप्टेंबरात शेवटचा अर्जही निकालात निघाला. टक्के किती, वाटा कुणाचा, ह्यावर मोठमोठे वकील पाच वर्षे बोलले. त्यांनी बोलावेच, त्यांचे ते कामच. पण ह्या साऱ्या वाद्यांत-प्रतिवाद्यांत एकाही टक्क्याचा हक्कदार म्हणून शिवणगावचे नाव निघाले नाही. विमानतळ चालवणाऱ्याला दरवर्षी उत्पन्न, शासनाच्या कंपनीला दरवर्षी वाटा, आणि ज्याच्या ढेकळांवर तो उभा त्याला एकदाच, तेही आमच्या खतांवरून ठरलेले.

हे सारे मी बुवांना सांगितले. आमच्या प्लॉटाचेही सांगितले. ते सांगताना माझी जीभ अडखळत होती. बुवांनी ऐकून घेतले, कागदांची घडी घातली आणि म्हणाले, "म्हंजे भाव कोना येकानं नाई ठरवला. समद्यायनं मिळून ठरवला." मग थोड्या वेळाने, "बरं झालं सांगतलं. मले वाटे, माह्या वावरातच काई खोट असंन." आणि काठी उचलून ते नातवाच्या गाडीवर बसून गेले.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती लिहिली नसती. पश्चात्तापावर लेख लिहून मोकळे होणे ही आपल्या वर्गाची जुनी खोड आहे. पण झाले असे की, तो प्लॉट आम्ही त्याच वर्षी विकायला काढला होता. पुतण्याच्या धाकट्या बहिणीला वैद्यकीय शिक्षणाला प्रवेश मिळाला होता आणि पैसे हवे होते. आमचे मेहुणे ह्या व्यवहारात पुढे होते. त्यांचा मूळ बेत स्वतःच तिथे चार मजले चढवून खाली दुकाने काढण्याचा होता. पण विमानतळाजवळ बांधायचे म्हणजे उंचीचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. विमानतळाच्या २० किलोमीटरच्या परिसरात उंचीचे नियम आहेत, रंगीत नकाशे आहेत, ह्याची त्यांना चीड येई. "आकाशसुद्धा सरकारचेच का?" असे ते म्हणत. २०२५ च्या जूनमध्ये अहमदाबादला विमान उड्डाणानंतर लगेच वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या वसतिगृहावर कोसळले, जमिनीवरची माणसेही त्यात गेली. त्यानंतर मात्र ते आकाशाविषयी बोलायचे थांबले आणि विकायला राजी झाले.

गिऱ्हाईक आले ते वर्धा रोडवर दुकानांची इमारत बांधणारे गृहस्थ. भाव ठरला. मग त्यांनी आवाज खाली आणून नेहमीचा प्रस्ताव ठेवला : सरकारी दरपत्रकात असेल तेवढे कागदावर, उरलेले रोख. मेहुणे मान हलवीत होते. मी म्हणालो, "सगळी रक्कम खतावर यायची."

घरात जे महाभारत झाले त्याचे वर्णन करीत नाही. मेहुण्यांनी मला धर्मराज म्हटले, आणि ते गौरवाने म्हटले नव्हते. कराचा आकडा कागदावर काढून माझ्यापुढे ठेवला; तो बरीच मोठी रक्कम होता, हे नाकारत नाही. त्या पैशांत मुलीचे एक वर्ष निघाले असते. "तुमच्या एका खऱ्या खताने शिवणगावला काय मिळणार? त्यांचे तर केव्हाच झाले," असे ते म्हणाले. ह्याला माझ्याजवळ चांगलेसे उत्तर नव्हते. बुवांचे खरेच केव्हाच झाले. एक खत म्हणजे समुद्रात टाकलेला एक तांब्या. सौभाग्यवती इतका वेळ गप्प होत्या, त्या एवढेच म्हणाल्या, "धाकटीला विचारा. पैसे तिच्यासाठी आहेत." धाकटीला विचारले. ती म्हणाली, "काका, मी कर्ज काढीन थोडे. मला बँक देते. त्यांना त्या वेळी कोणी दिले असते का?"

ते गिऱ्हाईक परत आले नाही. दुसरे यायला पाच महिने लागले, आणि त्याने थोडा कमी भाव दिला. पण सगळा कागदावर दिला. नोंदणीच्या कचेरीत सही करताना माझा हात किंचित थरथरला. मेहुणे म्हणतात, म्हातारपणाने. असेलही.

विमानतळाच्या आसपास अजून पुष्कळ जमीन आहे. कधीतरी आणखी कुठली नोटीस निघेल, कुणा अधिकाऱ्याला भाव काढायचा असेल, आणि तो त्या परिसरातली खते मागवील. त्या यादीत एक ओळ तरी खरी सापडेल. तिने कुणाचे किती भले होईल, मला ठाऊक नाही.

ह्या वसुबारसेला बुवा आले तर त्यांना सांगायचे आहे. आणि एक गोष्ट आधीच करून ठेवली आहे. आमच्या ओसरीपुढच्या दोन कुंड्यांत मी श्रावणात गवार लावली होती. पीक म्हणाल तर मूठभर शेंगा, त्याही थोड्या जून. पण ह्या खेपेस त्यांना विकतची आणावी लागणार नाही. ह्या खेपेस गवार महालातून शिवणगावला जाईल.